कॅनडाकाकांचं दार

कॅनडाकाकांच्या घराची बेल वाजवली, की दार उघडत नसे. आधी आतून प्रश्न येई, "कोण? कशासाठी?" दोन्हींची नीट उत्तरं मिळाल्याशिवाय साखळी निघत नसे. अमेरिकेतल्या ट्रॉय गावात आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा मी गरम पुरणपोळ्या घेऊन गेले. "शेजारची, पुरणपोळ्या द्यायला," असं बंद दाराला सांगितलं. आत थोडा विचार झाला. मग आवाज आला, "फक्त द्यायला, की बसायलाही?" दारापर्यंत यायची मुभा वेगळी आणि उंबरठा ओलांडायची वेगळी, हे मला पुढे कळलं.

काका मूळचे पुण्याचे, मशीन-डिझाइनमधले इंजिनियर. उमेदीची सगळी वर्षं सीमेवरच्या नदीपलीकडे कॅनडात गेली आणि रिटायर झाल्यावर काकूंना घेऊन ते नदीच्या या काठाला, मुलाकडे आले. राहत अमेरिकेत, पण कायदा पाळत कॅनडाचा; म्हणून आमच्या सगळ्या मराठी मंडळींत ते कॅनडाकाका. "बाबा, इथला लॉ वेगळा आहे," असं मुलगा वैतागून सांगे. काका म्हणत, "कायदा पूल ओलांडत नसेल, रीतभात तर ओलांडते ना?"

या वेडाला कारण होतं. तिकडे असताना त्यांच्याकडे वरच्या खोलीत नागपूरचा एक शांत मुलगा भाड्याने राहायचा. एका संध्याकाळी दोन पोलीस दारात आले आणि त्याची चौकशी करू लागले. काकांनी पुणेरीपणा बाजूला ठेवून त्यांना आत बोलावलं, बसवलं, काकूंना चहा टाकायला सांगितलं. चहा उकळेपर्यंत पोलीस वर जाऊन त्या मुलाला बेड्या घालून घेऊन गेले. हवा होता त्याच आडनावाचा दुसराच माणूस. मुलगा दुसऱ्या दिवशी सुटून आला, पण त्या घरात काही राहिला नाही. पुढे काकांनी वाचलं, की घरात शिरून अटक करायची तर पोलिसांना तसं वॉरंट लागतं, किंवा घरच्याने आपण होऊन आत घ्यावं लागतं. "म्हणजे मीच घेतलं," ते म्हणत. "वर साखर किती घालू, हेही विचारलं."

तेव्हापासून त्यांना ते सगळं कलमवार पाठ. आत शिरण्याआधी ओळख आणि काम सांगायचं. अटक केली तर कारण लगेच सांगायचं आणि वकिलाला फोन करू द्यायचा. घरात याची अंमलबजावणी कडक होती. सून नातीच्या खोलीत कपडे शोधायला निघाली, की काका जिन्यात उभे राहून विचारत, संशयाला आधार काय? नात आतून म्हणे, "Thank you, Ajoba." सुनेने मग त्या मजल्यावरचे कपडे धुणंच सोडून दिलं.

काकूंना डायबेटिस होता. एकदा काकांनी त्यांना फ्रिजसमोर श्रीखंडाच्या डब्यासह पकडलं. मी समोरच बसले होते. काकांनी गंभीरपणे अटकेचं कारण सांगितलं आणि वकील हवाय का, असं विचारलं. "वकील नको," काकू म्हणाल्या, "चमचा द्या."

मग तो शनिवार आला. मुलगा, सून, नात बाहेर गेले होते. काका वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून गाणं ऐकत होते. काकू बेसमेंटमधल्या दुसऱ्या फ्रिजमधून लोणचं आणायला गेल्या आणि शेवटच्या पायरीवरून घसरल्या. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाने पडल्याचं ओळखून आपोआप 911 या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. त्या पडल्याचं काकांना काहीच माहीत नव्हतं.

मी ड्राइव्हवेमध्ये गाडी धूत होते. पोलिसांची गाडी थांबली, एक उंच ऑफिसर दाराशी गेला आणि बराच वेळ बेल वाजवल्यावर आतून इंग्रजीत नेहमीचा प्रश्न आला. ऑफिसरने नाव सांगितलं, काम सांगितलं. काकांनी वॉरंट मागितलं. कोणाला अटक करायची नाही, या घरातून मदतीसाठी कॉल आलाय, असं तो म्हणाला. काकांनी शांतपणे कळवलं, की घरात दोनच माणसं आहेत. त्यांनी कॉल केलेला नाही आणि पत्नी लोणचं आणायला खाली गेली आहे. मी धावत पोचले तोवर ऑफिसर दार फोडायच्या बेतात होता. पण त्याने आधी एक प्रश्न विचारला.

"सर, तुम्ही त्यांचा आवाज शेवटचा कधी ऐकलात?"

मग साखळी खडखडली. ती निघेना. काकांच्या घाईत ती खाचेत पुन्हा पुन्हा अडकत होती. दार उघडलं तेव्हा ते पांढरेफटक पडले होते. "जीव धोक्यात असेल तर वॉरंट लागत नाही," ते ऑफिसरला मराठीतच सांगत होते. "तिकडेही लागत नाही. या, लवकर या."

काकूंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. स्ट्रेचरवरून जाताना त्या मला म्हणाल्या, "पोलिसांना सांग, यांनाच घेऊन जा. आणि कारण सांगायला विसरू नका."

ऑपरेशन झाल्यावर मीच काकांना हॉस्पिटलमध्ये ड्राइव्ह करून घेऊन गेले. खोलीचं दार उघडंच होतं. तरी ते बाहेर थांबले आणि चौकटीवर टकटक केली.

"कोण?" काकू पडल्या पडल्या म्हणाल्या.

काकांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं.

"कशासाठी?"

"बघायला."

"वॉरंट आहे?"

"नाही. पण जीव धोक्यात आहे."

"माझा काही नाही."

"माझा आहे," काका म्हणाले.

काकूंनी तोंड भिंतीकडे वळवलं. "या मग," त्या म्हणाल्या. मी कॉफी आणायला गेले आणि मुद्दामच उशिरा परतले.

त्या घराचे जिने काकूंना पुढे जमेनात. मुलाला लांबच्या प्लेनो शहरात जॉब मिळाला, तिथे त्याने बैठं घर घेतलं. निघायच्या दिवशी सामानाचा ट्रक पुढे गेला आणि सगळे गाडीत बसले. काका शेवटी बाहेर आले आणि सरळ गाडीकडे चालू लागले. मागे दार सताड उघडं.

"काका, लॉक करायचं राहिलं," मी म्हटलं.

त्यांनी वळून पाहिलं. "कायदा भिंतींना जपत नाही गं," ते म्हणाले. "आतल्या माणसांना जपतो. ती तर गाडीत बसली."

काकूंच्या पायाखालची उशी त्यांनी नीट केली, मला हात केला आणि गाडी निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत मी थांबले. मग रिकाम्या घराचं ते दार मीच ओढून घेतलं.