तक्त्यातून काढलेली लाख

आमच्या धानोऱ्याजवळच्या आश्रमशाळेतल्या मुलींचा विज्ञान प्रकल्प पहिल्यांदाच जिल्हा प्रदर्शनासाठी निवडला गेला होता. त्यांनी बांबूच्या लगद्यापासून कागद दाबणारं छोटं यंत्र बनवलं होतं. सोबतचा तक्ता त्यांची विज्ञानाची बाई म्हणून मी केला होता: रोजच्या वापरातले पदार्थ आणि ते शोधणारे. सिमेंट एका इंग्रज गवंड्याचं, टिकाऊ रबर एका अमेरिकन माणसाचं. झाडावरच्या किड्यांपासून मिळणाऱ्या लाखेपुढचा शोधकाचा रकाना रिकामा राहत होता. रिकामा रकाना मला चालत नाही. मी ती ओळच काढली.

निघायच्या सकाळी यंत्राची लाकडी मूठ लोखंडी दांड्यावरून निसटून माझ्या हातात आली. ती मीच आदल्या संध्याकाळी दोन नळ्यांतलं मिसळून लावायच्या गोंदाने चिकटवली होती. थंडीत गोंद सुकलाच नव्हता. गडचिरोलीच्या बसला पाऊण तास होता आणि मूठ फिरवल्याशिवाय कागद निघणार नव्हता.

स्वयंपाकाच्या मावशी चुलीपासून उठल्या. "आना इकडं. चाकूले मूठ बसवत नाई का आमी?"

मी गोंद खरवडून काढला. त्यांनी डब्यातून लाखेचे खडे आणले, कुटले, मुठीच्या भोकात भरले. दांड्याचं टोक चुलीत लाल केलं आणि आत दाबलं. थोडा धूर झाला. पाच मिनिटांनी लाख थंड झाल्यावर मी सगळा जोर लावून मूठ ओढली. हलली नाही.

मावशी तक्त्याकडे वळल्या. "यात लाख कुठी हाय, बाई?"

"काढली. कोणी शोधली ते माहीत नाही."

"मायी आजी करे. तिले तिच्या मायनं शिकवलं. आता जंगलात कोन नाव लिहून ठेवीन जी?"

खरं तर पूर्णपणे कृत्रिम असं पहिलं प्लास्टिक लाखेची जागा घेण्यासाठीच शोधलं गेलं, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. तरी ओळ काढली होती. मी पेन घेऊन तळाशी लिहिलं: लाख. शोधक: नोंद नाही. कृती: विचारा.

"कोनाले विचारा?"

"तुम्हाला. लुगडं बदला, बस येईल."

"अन् खिचडी कोन शिजवन?"

"मी."

मावशी मुलींसोबत गेल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा आवाज बसला होता. दिवसभर लोक मूठ ओढून बघत होते आणि कृती विचारत होते म्हणे. मूठ जागेवर होती. खिचडीत मीठ कमी पडलं, हे मुलांनी त्यांना फाटकातच सांगितलं.