उठण्याआधीचं ‘आई गं’

दवाखान्यात समोरच्या बाई आधी ‘आई गं’ म्हणाल्या आणि मग खुर्चीतून उठल्या. कळ यायच्या आधीच. मला हसू आलं, पण लगेच विरलं. कंबर धरल्यापासून नऊ वर्षं मीही असंच उठते.

आतल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या नाहीत. म्हणाल्या, "मणक्याची इजा केव्हाच बरी झालीय, शरीर मात्र अजून पहारा देतंय. आठवडाभर ‘आई गं’ न म्हणता, सावकाश उठून बघा."

म्हणजे आत कोंडलेली मी, आणि दाराशी पहाऱ्याला बसलेलीही मीच.

घरी ओठ घट्ट मिटून खुर्चीतून उठले. कळ आली, पण जरा उशिरा, बिचकत.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हे धावत आले. "अगं, काय झालं? आवाज का नाही आला?"

"आई गं," मी म्हटलं.

हे निवांतपणे परत गेले.