लॅपटॉपवरचा पूर

नगरपालिकेत पुराच्या वेळी लोकांना हलवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी आधी मुलीच्या लॅपटॉपवर गाव वसवलं. शहर चालवायचा खेळ होता तो. रस्ते आखायचे, जमिनीचा चढउतार ठरवायचा, नदी सोडायची आणि काय होतं ते बघत बसायचं. वैनगंगेकाठचं आमचं गाव मी त्यात गल्लीबोळांसकट उभं केलं. मुलगी म्हणाली, "आई, तू तर माझ्यापेक्षा वाया गेलीस."

महिनाभर मी रोज गाव बुडवत होते. कोणती गल्ली आधी भरते, ट्रॅक्टर कुठे अडकतात, सगळं टिपून घेतलं आणि त्यावरून गल्ल्यांचा क्रम लावला. विणकरांचा मोहल्ला जरा उंचावर, म्हणून तो शेवटी. आपल्या गल्लीचा भोंगा वाजल्याशिवाय कुणी निघायचं नाही, नाहीतर एकच रस्ता कोंडतो, हेही खेळानेच शिकवलं होतं. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

पावसाळ्याआधी विणकरांच्या मोहल्ल्यातल्या समाजमंदिरात मी तो खेळ सगळ्यांना दाखवला आणि भोंग्याचा नियम सांगितला. एक म्हातारे विणकर अगदी पुढे बसून पडद्यावरचं निळं पाणी बघत होते. म्हणाले, "मॅडम, तुमचं पानी रस्त्यानं येऊन राहिलं. आमच्या घरी ते खालून येते."

आमच्याकडे हातमागावर बसणारा माणूस जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणतो. नदी फुगली की त्या खड्ड्यात आधी ओल येते, मग पाणी. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी मी हसून म्हटलं, "काका, जमिनीची उंची मोजून घेतली आहे मी. काळजी करू नका." त्यांनी मान डोलावली.

त्याच पावसाळ्यात गावाजवळच्या कारध्याच्या पुलाखाली नदी चढू लागली आणि आमचं काम सुरू झालं. खरं सांगते, सुंदर चाललं होतं. काठावरच्या गल्ल्या ठरल्याप्रमाणे रिकाम्या झाल्या, कुठे कोंडी नाही की आरडाओरडा नाही. दुपारी शेवटच्या मोहल्ल्यात ट्रॅक्टर घेऊन मीच गेले. सिमेंटचा रस्ता कोरडा होता. रस्त्यापेक्षा खाली राहिलेल्या घरांत मात्र घोट्याच्या वर पाणी.

काका आणि काकू खाटेवर बसून होते. गाठोडी बांधलेली. मागावरचा निम्मा विणलेला कपडा भिजून लोंबत होता. मी त्यांच्यावरच ओरडले, "घरात पाणी भरलं तरी बसून काय राहिले तुम्ही? निघायचं ना!"

काका रागावले नाहीत.

"पाय तं सकाळीच ओले झाले होते, मॅडम. पन तुमीच सांगतलं होतं का भोंगा वाजल्याशिवाय निघाचं नाही. आमी आधी निघालो असतो, तं खालच्या लोकायची वाट अडली असती."

गाठोडं उचलताना मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.