दामूच्या डबीतला करडा

दामू गेल्याचं सांगायला त्याचा मेहुणा घणसोलीहून वाशीला आला, तेव्हा मी पहिलं विचारलं, "खात्री केलीत ना?" कारण आठ-आठ तास पापणी न हलवता पडद्याकडे बघणारा हा माणूस काम करतोय की गेलाय, हे फिल्म लॅबमध्ये शेजारी बसूनही मला कळत नसे... या वेळी खात्री झाली होती.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी काळ्या-पांढऱ्या प्रिंटची फिल्म मिळेनाशी झाली आणि जुने सिनेमे आम्ही रंगीत फिल्मवर छापू लागलो. ती मोठी खोडसाळ! करडा छापावा तर गुलाबी येई, नाहीतर हिरवा. छपाईच्या मशीनमधल्या तीन रंगांच्या दिव्यांचे आकडे जुळवून तिला वठणीवर आणणं दामूचं काम. मांजराच्या अंगावरच्या करड्या छटा मोजायला बसला, तर मांजर कंटाळून झोपे, हा मोजतच असे.

असाच एक प्रिंट त्याने मोठ्या ऐटीत घणसोलीच्या जत्रेत, म्हणजे सासुरवाडीत लावला. नायिकेचा नवरा गेला, पांढरं लुगडं नेसून तिने हंबरडा फोडला... आणि पुढे बसलेली एक आजी कडाडली, "अगं बाय, नवरा सरनावर हाय नि ही हिरवी नेसलीय!" जत्रा अशी हसली की पडद्याचे बांबू हलले. दामूच्या बायकोने पदरात तोंड लपवलं. दामूने प्रोजेक्टर थांबवला. "आठ दिवसांत हिला पांढरी नेसवून आणतो. नाहीतर या गावात पाय ठेवणार नाही!"

सकाळी स्वारी मिठागरात. तंबाखूच्या दुतोंडी डबीत एकीकडे मीठ भरलं, दुसरीकडे खाडीचा वाळका गाळ. "पांढरं म्हणजे हे, करडं म्हणजे हे." डबी पडद्याशी धरून त्याने सहा प्रिंट बाद केले. दरम्यान अर्ध्या लॅबने तंबाखू समजून गाळ चघळला, त्यात मीही होतो. सातवा प्रिंट घणसोलीत लागला आणि तीच आजी इतकी रडली, की ओहोटीच्या वेळी खाडीला भरती आली. शपथेवर सांगतो.

मागच्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. भिंतीवर दामूचा जुना काळा-पांढरा फोटो, स्टुडिओने रंगीत कागदावर मोठा करून दिलेला. वहिनींनी डबी पुढे केली. मी फोटोतल्या सदऱ्याशी मीठ धरलं.

"हिरवा?"

"हिरवा, वहिनी."

"मंग उतरवा, भावजी. असा नाय ठेवायचा त्यांना."

फोटो तीनदा परत छापून झालाय. स्टुडिओवाला आता मला लांबून बघूनच शटर ओढतो. उद्या चौथी खेप... डबी खिशात आहे.