केसरीनाथांच्या बेंबीखालची खपली

पूर्णा गावात आपल्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही, असं केसरीनाथांचं ठाम मत होतं. पानांचं मत कुणी विचारलं नव्हतं. शेतं गेली, त्यांवर गोदामं उठली, तरी पठ्ठ्यानं दोन म्हशी ठेवल्या होत्या. दुधासाठी न्हाय, रुबाबासाठी.

पुतणीच्या हळदीत त्यांनी डीजे थांबवला, माईक धरला आणि गर्जना केली, "आजपासून बिडी बंद! गावदेवीची आन!" टाळ्या पडल्या. बायको हौसाबाईंनी पदरानं डोळे पुसले. चौथ्या दिवशी केसरीनाथ गोदामाच्या मागं, कमरेएवढ्या गवतात, विळा बाजूला टाकून झुरके मारत बसले होते. तेव्हापासून म्हशींना रोज दोनदा ताजं गवत मिळू लागलं.

नवरात्राच्या तोंडावर ताप भरला. डोकं फुटायला आलं, अंग मुसळानं कांडल्यासारखं. टेमघरच्या डॉक्टरनं खुर्चीतून न उठता, शर्टावरूनच तपासून मलेरिया, डेंगू आणि टायफॉइडच्या चाचण्या लिहिल्या. पहिल्या दोन कोऱ्या आल्या. टायफॉइड निघाला 'थोडासा'. थोडासा तर गोदामाच्या भिंतीलाही निघाला असता. सलाईन चढलं, सुया टोचल्या, ताप ढिम्म हलेना.

तिसऱ्या दिवशी अंग पुसताना केसरीनाथांना बेंबीखाली, लुंगीच्या गाठीपाशी, काळी खपली दिसली. भोवती लाल कडं. दुखत नव्हती, खाजत नव्हती. त्यांनी निदान तिथंच उरकलं: बिडीची ठिणगी! आणि लुंगी चार बोटं वर बांधली. जीव गेला तर गाव रडंल, पण माईकवरची आन गेली तर गाव हसंल. माणसानं हिशेबानं वागावं.

सातव्या दिवशी धाप लागली. मुलगा राकेश त्यांना गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या सुकन्या डॉक्टरीण वयानं लहान, नजरेनं जहाल.

"काका, अंगावर कुठं डाग? खपली?"

"न्हाय."

"गवतात जाता?"

"रोज जातान!" हौसाबाई म्हणाल्या. "तास-तास बसतान. म्हशींवर लय जीव हाय त्यांचा."

"कपडे सैल करा, काका."

"नाडी बघा ना म्याडम. आमच्या घराण्यात नाडीवरूनच कळतं." केसरीनाथांनी गाठ घट्ट धरली. श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"सोडा ती गाठ!" हौसाबाई कडाडल्या. "मरायला टेकलंव आन लाजताव नव्या नवरीवानी?" आणि त्यांनी स्वतःच लुंगी खाली ओढली.

डॉक्टरीणबाईंनी खपलीवर बोट दाबलं. "दुखतं?"

"न्हाय."

जांघेत हात लावला, तर गाठी सुजलेल्या. "स्क्रब टायफस वाटतोय," त्या म्हणाल्या. "उंदरांवर, गवतात बारीक किडा असतो. त्याची पिल्लं चावतात, डोळ्यांना दिसतही नाहीत."

"लय दुर्मिळ काय?" राकेशनं विचारलं.

"दुर्मिळ कसला? पावसाळ्यापासून हा माझा पाचवा. कपडे उतरवून बघितलं की सापडतो, नाही बघितलं की 'व्हायरल' म्हणतात. कितीकांना तर खपलीच नसते, तिथं रक्तावरच कळतं. आणखी दोन दिवस उशीर केला असता ना काका, तर फुप्फुसं गेली असती."

रक्त पाठवलं, पण अहवालाची वाट न बघता त्यांनी औषध चालू केलं. साध्या, स्वस्त गोळ्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, धाप बसली आणि केसरीनाथांच्या जिभेला पालवी फुटली.

"बघ," ते उशीला टेकून बायकोला म्हणाले, "किडाच चावला व्हता. बिडीचा डाग नव्हताच तो!"

मोसंबी सोलणाऱ्या हौसाबाईंचा हात थांबला.

"बिडीचं नाव कोनी काडलं?"

केसरीनाथ छताकडं बघू लागले. शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकल्यासारखा हसला. हौसाबाईंनी मोसंबीची एक फोड स्वतःच्या तोंडात टाकली आणि दारातल्या मुलाला हाक मारली.

"राकेश, म्हशींना गिऱ्हाईक बघ. दोन्ही."