आधी लाल, मग पांढरा

शिरीष गेल्याचे मेसेज मला उलटे आले. आधी ‘अंत्ययात्रा दिघीच्या घरून निघेल’, आणि बऱ्याच वेळाने ‘कळवायला अत्यंत वाईट वाटतं की...’ मधल्या वेळात कोणाची अंत्ययात्रा, म्हणून मी वैतागत होतो. मेसेज क्रमानेच यावेत म्हणून ज्याने अख्खी कंपनी वेठीला धरली, त्याच्याच बाबतीत हे व्हावं... त्याच्या हाती असतं, तर आधी पाठवणाऱ्याला झापून मगच गेला असता.

चाकणला आमचा बंपरचा कारखाना. मोटार कंपनीच्या लाइनवर ज्या रंगांच्या गाड्या जशा येतात, त्याच क्रमाने आमचे बंपर पोचावे लागतात. लाल गाडीपुढे पांढरा बंपर गेला की लाइन थांबते आणि आमच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. असं दोनदा झालं होतं. पुन्हा झालं तर काम काढून घेऊ, असं त्यांनी तोंडावर सांगितलेलं. म्हणून त्यांची लाइन, आमचं पेंटशॉप आणि ट्रक भरणारे यांच्यात निरोप वाहून नेणारं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, आणि निवड शिरीषच्या व माझ्या गळ्यात पडली.

विकायला येणारे लॅपटॉप उघडून सेकंदाला लाखो निरोपांच्या गोष्टी सांगायचे. शिरीष शांतपणे ऐकायचा, उठायचा, भिंतीतली नेटवर्कची वायर उपटायचा आणि म्हणायचा, “चला, चहा घेऊ.” चहानंतर वायर जोडली, तर पहिल्याचे निरोप दुप्पट झालेले. दुसऱ्याचं सगळ्यात वेगवान, मला फारच आवडलेलं, पण त्याचे मागचे पुढे होऊन आले. तिसऱ्याचं निव्वळ गोगलगाय. मात्र जिथे थांबलं होतं तिथूनच, एकामागून एक सुरू.

“हेच,” शिरीष म्हणाला.

“अरे, किती स्लो आहे राव ते,” मी म्हणालो.

“आपल्याला बंपर पाठवायचेत, रॉकेट नाही.”

शेठ माझ्या बाजूने होते. तर हा पठ्ठ्या त्यांना सरळ म्हणाला, “क्रम चुकला तर मी घरी बसतो.” दिघीच्या फ्लॅटचे हप्ते चालू, मुलगी बारावीला, आणि ह्याची ही मस्ती. मी कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोललो नाही.

शेवटी तेच बसवलं. मग एका दुपारी लाइट गेली आणि जनरेटरनेही मान टाकली. सगळं ठप्प. लाइट आल्यावर निरोप सुरू झाले, पडद्यावर सगळं जागच्या जागी दिसायला लागलं. अभिनंदन करायला गेलो, तर साहेब केबिनमध्ये नाहीत. सापडला तो खाली, ट्रकपाशी. एकेका बंपरला हात लावून पुटपुटत होता, “लाल, पांढरा, पांढरा, करडा...” शर्ट घामाने चिंब.

“तुझ्याच सॉफ्टवेअरवर विश्वास नाही होय?”

“आहे रे. पण धाकधूक पण आहे.”

इतके दिवस त्याने हे कोणालाच कळू दिलं नव्हतं. मला त्या क्षणी तो फार आवडला. ट्रक गेला, क्रम चुकला नाही, काम आमच्याकडेच राहिलं.

त्याला जाऊन महिना उलटलाय. परवा पुन्हा लाइट गेली आणि आली. पडद्यावर सगळं ठीक होतं, तरी मी खाली जाऊन ट्रकपाशी उभा राहिलो. ट्रक भरणाऱ्या बाळूने विचारलं, “साहेब, तुमचा बी कंप्युटरवर इस्वास न्हाई व्हय?”

“विश्वास आहे रे,” मी म्हणालो. “शिरीष नाहीये.”

पुढचा बंपर उचलून बाळूने माझ्यासमोर धरला. लाल होता. बरोबर होता.