मामांच्या डावीकडची जागा

"जरा बाजूला हो रे."

बफिंगच्या मशीनचं बटण दाबण्याआधी मामा हे म्हणायचे. दरवेळी. आवाज न चढवता, मान किंचित डावीकडे वळवून, घरातल्या माणसाला म्हणावं तसं. डावीकडे कुणीच नसायचं.

कामावरच्या माझ्या पहिल्या दिवशी मी त्यांच्या मागे उभी होते. मला वाटलं, मलाच म्हणाले. मी बाजूला झाले, ती नेमकी त्या डावीकडच्या जागेत. मामांचा हात बटणावरून खाली आला.

"ताई, तिथं नको."

"मग कुठं उभी राहू? तुमच्या डोक्यावर?"

माझी जीभ तेव्हाही अशीच होती. ते हसले, पण मी तिथून हलेपर्यंत त्यांनी मशीन काही चालू केलं नाही.

त्यांचं खरं नाव इथं सांगत नाही. गाळ्यात सगळे त्यांना मामाच म्हणत. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला आमचा गाळा म्हणजे पत्र्याखालच्या दोन खोल्या. दुसऱ्यांच्या मशीनवर कापलेले ॲल्युमिनियमचे भाग आमच्याकडे यायचे, ते दाढी न केलेल्या नवरदेवासारखे. कडांना बर, म्हणजे कापताना राहिलेली बारीक, बोट कापणारी कोर, आणि अंगभर हत्याराच्या रेषा. बर काढायची, रेषा पॉलिश पेपरने घासून घालवायच्या, मग बफच्या चाकावर चकाकी आणायची, हे काम मामांचं. चकाकलेल्या मालात खोट शोधून तो परत त्यांच्या पुढ्यात टाकायचा, हे माझं. म्हणजे आमचं कसं जमत असेल ते तुम्हीच ओळखा.

"ही रेघ राहिली, मामा."

"रेघ तुमच्या चष्म्यावर आहे."

मी चष्मा पुसायची. रेघ प्लेटवरच असायची. "हां, आता आली," म्हणत ते मुकाट्यानं प्लेट परत घ्यायचे. हार मानायची ही त्यांची पद्धत होती.

त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे, "या खोलीत लोखंड नको." आता हा आमच्या धंद्यातला नियमच आहे. ज्या चाकावर ॲल्युमिनियम घासतात, त्यावर लोखंड धरलं तर ठिणग्या उडतात, आणि मशीनमागच्या पिशवीत साठलेली ॲल्युमिनियमची भुकटी पेट घेते. ती आग पाण्यानं विझत नाही, उलट भडकते. म्हणून कोपऱ्यात वाळूची बादली ठेवतात. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, आणि एवढ्यावर सगळे सोडून देतात. मामा मात्र किल्ल्यांचे जुडगे बाहेर खिळ्याला अडकवायला लावत. शेठच्या खिशातला पेन्सिल तासायचा चाकू त्यांनी शेठच्याच टेबलावर नेऊन ठेवला होता. माझ्या अंबाड्यातले आकडेही त्यांच्या नजरेतून सुटले नाहीत. मी केस मोकळे सोडून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आता मला भूत म्हणू नका." बाकीचे हसले. मामा हसले नाहीत.

भुताचा विषय गाळ्यात होताच. पॅकिंग करणारी बाई त्या खोलीत एकटी जायची नाही. झाडणारा माणूस डावीकडचा तेवढा तुकडा सोडून केर काढायचा, मग मामा स्वतः ओलं फडकं घेऊन तो पुसायचे. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण एक गोष्ट मी पाहिली, ती सांगते. एखाद्या प्लेटला आरशासारखी चकाकी आली की मामा ती तिरकी धरून बघत. सगळेच बघतात, रेघ दिसते का, डाग दिसतो का. मामा मात्र प्लेट अशी धरत की त्यांच्या डाव्या खांद्यामागचं तीत दिसावं. एकदा मी हळूच त्यांच्या उजवीकडून डोकावले. प्लेटमध्ये त्यांचा चेहरा होता, माझा अर्धा होता, आणि डावीकडे नुसती भिंत. त्या भिंतीकडे ते इतका वेळ बघत राहिले की मला तिथं थांबवेना. मी माझ्या टेबलाशी येऊन बसले.

मग ती खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी मशीन धुऊन पुसून, हार घालून पूजा करतात. शेठच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दरवर्षी पेढे घेऊन यायच्या. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं की घरातल्या शस्त्रांचीही पूजा इथंच करावी. शस्त्रं कसली, कात्री आणि भाजीची विळी. त्यांनी विळीला हळदकुंकू वाहिलं आणि ती नेऊन ठेवली थेट बफिंगच्या मशीनवर. वर हसत म्हणाल्या, "मामा, पूजा झाली की जरा धारपण लावून द्या हं."

मामा हात धुऊन आत आले आणि त्यांनी विळी पाहिली. त्यांनी ती उचलली की ओढली ते मला सांगता येणार नाही. हळदकुंकवाची वाटी, फुलं, सगळं खाली सांडलं. विळी घेऊन ते गाळ्याबाहेर गेले ते रस्त्यापलीकडे जाऊनच थांबले. वहिनींना रडू फुटलं. शेठ ओरडले, "डोकं फिरलंय का ह्याचं? सणासुदीला अपशकुन!" कुणीतरी जायला हवं होतं, म्हणून मी गेले.

मामा गटाराच्या कठड्यावर बसले होते. विळी मांडीवर, आणि पातं मुठीत असं धरलेलं की मला भीती वाटली, स्वतःलाच कापून घेतील. मी ती काढून घेतली. त्यांना चांगलं झापायचं म्हणून गेले होते, पण तोंडातून निघालं, "काय झालं, मामा?"

तिथं त्यांनी सांगितलं. आधी ते दुसऱ्या एका गाळ्यात होते. तिथं त्यांच्या बरोबरीचा एक सोबती होता, सुधीर. दोघं एकाच मशीनवर. ठाकुर्लीला राहायचा, घरी फक्त आई. एक दिवस तो आईची विळी घेऊन आला. घरात भोपळा चिरता चिरेना म्हणून आईनं पिशवीत घालून दिलेली.

"सगळेच आणतात हो ताई. कोयता, कात्री, काय काय. मी म्हटलं, आण, देतो लावून. लोखंडाचं ग्राइंडर पलीकडच्या गाळ्यात होतं. तिथवर कोण जाणार? दोन मिनिटांचं काम. मी ॲल्युमिनियम घासायच्या आमच्याच पट्ट्यावर धरली. सुधीर माझ्या डावीकडे, भुकटीची पिशवी झटकायला वाकलेला."

रस्त्यानं टेम्पो जात होते, त्यांना झेंडूचे हार लावलेले होते.

"मी त्याला बाजूला हो म्हटलं नाही," ते म्हणाले.

मामांचा हात भाजला होता, तो डाग मी रोज बघत होते. सुधीर गेला. मामा दवाखान्यातून बाहेर आले तोवर सगळ्यांनी आग वायरिंगच्या दोषानं लागली असं ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून मामा दर रविवारी कल्याणहून ठाकुर्लीला सुधीरच्या आईकडे जात. गॅस लावून दे, औषध आणून दे, आणि मग नुसतं बसून राहा.

"तिला सांगून का टाकत नाही?" मी विचारलं. "शिव्या देईल, रडेल, पण तुमच्या छातीवरचा दगड तरी उतरेल."

मामा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू इतक्या वर्षांत त्यांनी एवढं बिनडोक कुणी पाहिलं नव्हतं. "माझा उतरेल. आणि तिच्या छातीवर बसेल, त्याचं काय? विळी कुणाची होती, ताई? दिली कुणी होती?"

मला गप्प बसवणारी माणसं फार थोडी आहेत.

"तिला कळता कामा नये," ते म्हणाले. "मरेपर्यंत नाही. तिच्याही, माझ्याही." मी मान हलवली. आत गेल्यावर मी वहिनींना सांगितलं, मामांना चक्कर आली होती. विळी मी पुसून त्यांच्या पिशवीत ठेवली.

त्यानंतर मी त्यांच्या डावीकडच्या जागेवरून चेष्टा केली नाही. खोटं कशाला सांगू, मलाही तिथून जाताना पदर सावरावासा वाटायला लागला. मशीन चालू व्हायचं, मामांचं वाक्य व्हायचं, आणि मी मनात त्या न पाहिलेल्या माणसाला म्हणायची, हो रे बाबा बाजूला. प्लेटवर रेघ राहिली तरी एखादवेळी मीच पेपर घेऊन घासून टाकायची.

मामा गेले ते अगदी साधेपणानं. आदल्या दिवशी कामाला होते, दुसऱ्या दिवशी आले नाहीत. झोपेतच गेले, असं त्यांच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं. मी कल्याणला त्यांच्या घरी जाऊन आले, गाळ्यात एक दिवस मशीन बंद ठेवलं, शेठ चक्क रडले. आणि मग माझ्या लक्षात आलं, रविवार येतोय. ठाकुर्लीला एक म्हातारी वाट बघत बसणार आहे आणि ती कोण, कुठं, हे माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही.

जाताना वाटभर मी स्वतःला बजावत होते, फक्त मामा गेल्याचं सांगायचं, बाकी अवाक्षर नाही. मामांनी कधीतरी बोलता बोलता खूण सांगितली होती, त्यामुळे घर सापडायला त्रास झाला नाही. पहिल्या मजल्यावरची एक खोली, दार उघडंच. म्हातारी दाराकडे तोंड करून बसली होती. मला बघून ती उठली नाही. मी कोण ते सांगितलं आणि मग मामा गेल्याचंही.

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली. मग म्हणाली, "गेल्या रविवारी जेवून गेला. कधी जेवायचा नाही."

"खूप माया होती त्यांची तुमच्यावर," मी म्हटलं. असल्या वेळी दुसरं काय बोलतात?

"होती. आणि भीती होती." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला सांगितलंय ना त्यानं?"

मी नाही म्हणाले. मला खोटं बोलता येतं, पण तिच्यासमोर ते वठलं नाही.

"त्याला वाटायचं मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "अगं, तो दवाखान्यात असताना मालकानं सुधीरचं सामान पाठवलं. घड्याळ, डबा आणि माझी विळी. पाट जळून गेलेला, पातं तेवढं शिल्लक. वरच्या अर्ध्याला नवी धार, खालचा अर्धा तसाच बोथट. मला काय कळत नाही होय? धार लावता लावताच झालं ते."

"मग बोलला का नाहीत कधी? तो माणूस जळत होता आतल्या आत!"

माझा आवाज चढला होता. मला दोघांचाही राग आला होता, आणि त्या रागाचं रडं झालं.

"बोलले असते तर तोंड दाखवलं असतं का त्यानं परत?" म्हातारी म्हणाली. "माझ्यासाठी गप्प बसलाय, एवढंच धरून तो यायचा. ते काढून घेतलं असतं तर रविवारी कोण आलं असतं माझ्याकडे?"

मग ती हात टेकून उठली. "थांब, जेवून जा. त्याच्यासाठी दुधी आणलाय." स्वयंपाकाच्या कट्ट्याखाली वाकून तिनं तांदळाच्या डब्यामागं हात घातला आणि विळी काढली. नव्या पाटाची, काळ्या पात्याची. दर रविवारी मामा यायच्या आधी विळी तिथं जायची, हे तिला सांगावं लागलं नाही.

ती विळीवर बसली. पात्याच्या वरच्या अर्ध्याची धार अजून चकाकत होती, जराही झिजलेली नव्हती.

"आजी, वरच्या बाजूनं चिरा की. तिथं धार आहे," मी म्हटलं.

"तिथं नाही चिरत मी," ती म्हणाली, आणि दुधी खालच्या बोथट भागावर धरून तिनं दोन्ही हातांनी जोर लावला.